औषधाला दाद न देणारा कर्करोग आणि सूक्ष्म कुप्या



‘केमोथेरपी आता लागू पडत नाही,’ असे डॉक्टरांनी सांगितले की आप्तजनांना वाटते, रुग्णाचे शरीर थकले किंवा शुश्रूषेत काही उणे राहिले. तसे नसते. बदललेली असते ती कर्कपेशी. अनेकदा तिच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन वाढलेले आढळते. १९७६ साली शास्त्रज्ञांनी ते ओळखले. घरात शिरलेले पाणी पंपाने उपसावे, तसे ते औषध बाहेर फेकते. डॉक्सोरुबिसिन हे आम्हा परिचारिकांच्या परिचयाचे लाल औषध अशाच रीतीने निष्प्रभ होते. आणि मात्रा वाढवीत जावे, तर हृदयाच्या स्नायूला इजा पोहोचते.

यावरील एक उपाय येथे यरुशलेममध्येच आकारास आला. हिब्रू विद्यापीठाचे येहेजकेल बारेनहोल्झ आणि हदासा रुग्णालयाचे आल्बेर्तो गाबिझोन यांनी हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कुप्यांत भरले. कुपीचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका. ‘डॉक्सिल’ या नावाने १९९५ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. अशी कुपी निरोगी रक्तवाहिनीतून सहसा बाहेर पडत नाही. गाठीतील सच्छिद्र वाहिन्यांतून मात्र झिरपू शकते. त्यामुळे हृदयावरील धोका पुष्कळ घटला.

पंपाला चुकविण्याची कल्पना याच्या पुढची आहे. सुटे औषध आवरण ओलांडतानाच पकडले जाते. पण पेशीने सबंध कुपीच गिळली, तर औषध आत खोलवर मोकळे होते. २०१७ साली मान्य झालेल्या ‘व्हिक्सिओस’च्या कुपीत दोन औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र असतात. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या काही कठीण प्रकारांत, ६० ते ७५ वर्षे वयाच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य त्यामुळे सुमारे सहा महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेले. हा विजय नव्हे. परंतु तेवढ्या अवधीत एखादे लग्न, एखादा पेसाह पाहून होतो.

सर्वच गाठींच्या वाहिन्या सारख्या सच्छिद्र नसतात, म्हणून हा उपाय प्रत्येकास लागू पडत नाही. ‘आमच्या रुग्णास असे औषध उपयोगी आहे काय?’ हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. डॉक्सिल सुरू असताना चेहरा लाल झाला, श्वास कोंडला वा पाठ भरून आली, तर परिचारिकेस तत्काळ हाक मारावी. पुढील दिवसांत तळहात-तळपाय लाल होऊन दुखू लागल्यास सोसत बसू नये, कळवावे. गरम पाणी आणि घट्ट पादत्राणे टाळावीत.

सर्व रुग्णांस रेफुआ शेलेमा लाभो. आमेन.