शिकायला गेलेला मुलगा राहतो कुठे?

निकाल लागले की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. कुणाचा मुलगा बारावी झालेला असतो, कुणाची मुलगी नर्सिंगला लागलेली असते. पलीकडून विचारणा एकच, "मुंबईत पोराची कुठं सोय होईल का?" आम्ही एका कार्यालयात कारकून. संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेचे काम पाहतो. त्यामुळे लोकांना वाटते, आमच्या खिशात खोल्यांच्या किल्ल्याच आहेत. किल्ल्या नाहीत, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरीच मुले या शहरात रुळताना पाहिली, आणि काही परत जातानाही पाहिली. परत गेलेली मुले अभ्यासात कच्ची होती असे नाही. ती राहण्या-खाण्यात हरली. म्हणून आज एका मुलाची हकीगत वाचकांपुढे ठेवतो. तीत आमचीही एक चूक आहे, तीही सांगतो.

पहिले पंधरा दिवस

मुलगा परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला, आमच्या सासुरवाडीच्या गावचा. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने. बी.कॉम.ला दादरकडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. देवगिरी एक्स्प्रेसमधून उतरला तेव्हा हातात पत्र्याची पेटी, पाठीवर पिशवी आणि फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी. पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला. पेटी उघडली की आधी फोटो दिसायचा, मग कपडे.

पहिले पंधरा दिवस तो आमच्याकडेच राहिला. आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, माणसे पाच. सहावा हा. रात्री गॅलरीत अंथरूण टाकायचा आणि पहाटे आमच्या आधी उठून घडी घालून ठेवायचा, आपली अडचण नको म्हणून. दुसऱ्याच दिवशी तो चुकून लोकलच्या फर्स्टक्लासच्या डब्यात चढला. टी.सी.ने दंड केला. दोन दिवस त्याने कुणाला सांगितले नाही. दुपारचे जेवण बंद करून ते पैसे भरून काढत होता. सौ.च्या लक्षात आले तेव्हा कळले. पालकांनी एवढे ओळखावे, की पहिल्या महिन्यात मूल "सगळं बरं आहे" असे सांगते तेव्हा सगळे बरे असतेच असे नाही.

समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज केला होता. यादी लागली, तीत नाव नव्हते. मग खोली शोधणे आले.

आमची चूक

सहा ठिकाणी गेलो. एकाने विचारले, "नॉनव्हेज खाता का?" दुसऱ्याने आडनाव विचारले, मग गाव, मग घरात कोणता देव मानता ते. सगळे गोड बोलले. "कळवतो" म्हणाले. कुणी कळवले नाही. सातव्या ठिकाणी, मध्य रेल्वेवरच्याच एका उपनगरात, जाण्यापूर्वी आम्ही मुलाला म्हणालो, "तुझं आडनाव सगळ्यांत चालतं. विचारलं तर आडनाव आणि गाव सांग. जास्त बोलू नकोस." मालकाने आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि खोली मिळाली. आम्हाला हायसे वाटले. कॉलेज सुरू झालेले, पाऊस कोसळत होता, मुलगा गॅलरीत भिजत होता. काम झाले असे मानून आम्ही आमच्या उद्योगाला लागलो.

महिना-दीड महिना गेला. एके रात्री गावाहून त्याच्या वडिलांचा फोन आला. "दाजी, पोरगं फोनवर जयभीम घालीना झालंय. आम्ही म्हणलं की नुसतं 'हां हां' करतंय. शहरात जाऊन लाजायला लागलं का काय?"

रविवारी मुलाला विहारात बोलावून घेतले. पायरीवर बसून विचारले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणाला होता ना, जास्त बोलू नको म्हणून? मालक बाजूच्याच खोलीत असतात. भिंत पातळ आहे."

मग एकेक कळत गेले. कुणी खोलीत असले की तो पेटी उघडत नव्हता. कपडे पिशवीत, पुस्तके उशाशी. रात्री वाचत बसावे तर मालकाचा मुलगा काय वाचतोस म्हणून डोकावेल, म्हणून दिवा लवकर बंद. पहिल्याच चाचणीत गुण घसरले होते. खोली होती, पण त्या खोलीत तो राहत नव्हता. लपून बसला होता. आणि लपायला आम्ही सांगितले होते, आम्ही, जे व्यासपीठावर स्वाभिमानाची भाषणे देतो.

अशोक विजयादशमीला तो पांढरे कपडे घालून विहारात यायला निघाला. मालकीणबाईंनी विचारले, "दसऱ्याला पांढरे कपडे का रे?" त्याने खरे सांगितले. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. संध्याकाळी निरोप आला, पुतण्या राहायला येतोय, महिनाअखेर खोली रिकामी करा. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापून घेतले.

बडोद्याचा अकरावा दिवस

हे ऐकले आणि १९१७ सालचे बडोदे आठवले. अमेरिका आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी तिथे गेले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत त्यांनीच तोड काढली, की वहीत पारशी नाव लिहू आणि राहू; व्यवस्थापक राजी झाला. भाडे दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास त्यांनी बजावले. दोन मित्रांकडे विचारले, तिथेही सोय झाली नाही. सामान घेऊन बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत हे सारे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आम्ही भाषणांत कितीदा सांगितला असेल. पण त्या सराईत नाइलाजाने धरावी लागली तसलीच वाट आम्ही आमच्या मुलाला दाखवली, हे तेव्हा ध्यानात आले नाही. उसन्या ओळखीवर घेतलेल्या जागेत अकरावा दिवस कधी तरी येतोच. तो येईपर्यंतचे दहा दिवससुद्धा आपले नसतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेत राहण्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार गुन्हा आहे. पण "पुतण्या येतोय" या शब्दांत गुन्हा सिद्ध करणे अवघड, आणि अठरा वर्षांच्या मुलाला तेव्हा खटल्यापेक्षा छप्पर हवे असते. म्हणून छप्पर शोधण्याचे काम समाजाने अंगावर घेतले पाहिजे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते याचसाठी. मुलाला नुसती शाळा देऊन भागत नाही, पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी जाणले होते.

कळव्याची खोली

या वेळी आम्ही रजा टाकून सोबत गेलो. कळव्याला एका कोकणातल्या विधवा बाईंची खोली होती. तिघे विद्यार्थी आधीच राहत होते. दारातच सांगितले, "बाई, आम्ही बौद्ध आहोत. चालेल का?" बाई म्हणाल्या, "भाडं पाच तारखेला द्याल का? मग चालेल. पाणी पहाटे पाचला येतं, तेव्हा उठायला लागेल."

त्या पाण्यानेच मुलाला वळण लावले. पाचला उठायचे, बादल्या भरायच्या, आंघोळ करून स्लो लोकल पकडायची, कारण कळव्याला फास्ट थांबत नाही. सातला कॉलेज, दुपारी डबा, मग चारपर्यंत ग्रंथालय. संध्याकाळी खोलीत चौघे असतात, गप्पा होतात; म्हणून हा नऊला झोपतो आणि साडेतीनला उठून पाण्यापर्यंत वाचतो. परळच्या चाळीत एका खोलीत संसार असताना रामजीबाबा भिवाला लवकर झोपवीत, पहाटे दोनला उठवीत आणि मग त्याच जागी स्वतः आडवे होत. जागा वाढवता येत नसेल, तर वेळ वाटून घ्यावी लागते.

दुसरी सवय आम्ही लावली, हिशेबाची. आम्ही बी.कॉम. आहोत, तेवढाच उपयोग. शंभर पानी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोज रात्री बेरीज. खोलीचे २,५००, डब्याचे ३,०००, पास, वह्या, मोबाईल धरून महिना साडेसहा हजारांच्या घरात जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबईत शिकणाऱ्यास वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, असे एकूण ६०,००० रुपये तीत धरले आहेत. म्हणजे महिन्याला पाच हजार. उरलेले दीड हजार तो शनिवार-रविवार एका दुकानाची वही लिहून मिळवतो. रक्कम हाती येईपर्यंत पहिले काही महिने पदरचे भागवावे लागतात, हे पालकांनी आधीच धरून चालावे. वसतिगृहाचा अर्ज भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. अटी आणि कागदपत्रे समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात समक्ष विचारून घ्यावीत.

पालकहो आणि शहरातल्या बांधवांनो

मुलाला गाडीत बसवून देणे हे निम्मे काम. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा फोन करा, आणि गुण विचारण्याआधी जेवलास का ते विचारा. तो काय बोलतो याबरोबर काय बोलायचे टाळतो तेही ऐका. आमची चूक जिंतूरमधल्या बापाने एका 'हां हां' वरून ओळखली. आम्ही त्याच शहरात असून ओळखली नाही. आणि शहरातल्या बांधवांनो, तुमच्या वस्तीत कोण खोली देतो, कोण देत नाही, याची एक यादी विहारात ठेवा. आम्ही आमच्या विहारात ठेवली आहे. तीत पहिले नाव कळव्याच्या बाईंचे आहे.

मागच्या महिन्यात आम्ही त्या खोलीवर गेलो होतो. पत्र्याची पेटी भिंतीला लावून उघडी ठेवलेली, झाकणावरचा फोटो समोर. बोलत असतानाच गावाहून फोन आला. मुलाने उचलला आणि मोठ्याने म्हणाला, "जयभीम, अण्णा." पलीकडून काय उत्तर आले, ते आम्हाला खाटेवर बसूनच ऐकू आले.