मंद संगणकावरचा गेम आणि ग्राफिक्स लायब्ररी

जितकी लायब्ररी नवी, तितका गेम वेगवान, ही समजूत नवोदित प्रोग्रामरांत पक्की रुजलेली आहे. व्हल्कन ही नवी ग्राफिक्स लायब्ररी २०१६ साली आली. पूर्वी ड्रायव्हर करत असलेले बरेच काम त्यात प्रोग्रामरकडे येते आणि प्रोसेसरचा भार हलका होतो. मात्र हा लाभ दृश्यात हजारो वस्तू असलेल्या गेमना होतो. साध्या द्विमितीय गेमला क्वचितच. शिवाय जुन्या यंत्रांवर व्हल्कन चालेलच असे नाही. इंटेलच्या २०१२ च्या एचडी ४००० ग्राफिक्स चिपसाठी विंडोजवर व्हल्कनचा ड्रायव्हर नाही, पण ओपनजीएल ४.० आणि डायरेक्टथ्रीडी ११ या जुन्या लायब्रऱ्या तिच्यावर चालतात. जुन्या यंत्रांवरही चालायला हवा अशा छोट्या गेमसाठी एसडीएल किंवा रेलिब यांसारखी लायब्ररी हीच शहाणपणाची निवड ठरते. रेलिब तर ओपनजीएल १.१, २.१ किंवा ३.३ यांपैकी हव्या त्या आवृत्तीसाठी बांधता येते.

ओपनजीएल मुळातच संथ, हाही गैरसमज. विंडोजवर चिपनिर्मात्याचा ड्रायव्हर नसेल, तर ओपनजीएल १.१ ची जी आवृत्ती मिळते, तिच्यात सगळे चित्र प्रोसेसरच रंगवतो. दोष तिथे ड्रायव्हरच्या अभावाचा असतो. ड्रायव्हर ठीक असूनही गेम अडखळत असेल, तर ड्रॉ कॉल, म्हणजे चित्र काढण्याचे आदेश, मोजावेत. प्रत्येक लहान चित्रासाठी वेगळा आदेश गेला की प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो. अनेक चित्रे एकाच मोठ्या टेक्श्चरमध्ये मांडून ती एका आदेशात काढली, तर लायब्ररी न बदलताही मोठा फरक पडतो.

पायथनमधल्या पायगेम या लायब्ररीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या नेहमीच्या पद्धतीत चित्रे प्रोसेसरच उमटवतो, त्यामुळे तिथे पायथनइतकाच चित्रणाच्या पद्धतीचाही दोष असतो. एसडीएल २ चा रेंडरर हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवू शकतो.

लायब्ररी बदलल्याने पिक्सेल मात्र कमी होत नाहीत. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १२८० × ७२० वर ९.२ लाख. प्रोसेसरसोबतची ग्राफिक्स चिप संगणकाचीच मेमरी वाटून वापरते. त्यामुळे पारदर्शक थर एकावर एक चढवले की ती लवकर दमते.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेमचा वेळ घटला, तर अडचण पिक्सेल रंगवण्यात आहे. तो तसाच राहिला, तर ड्रॉ कॉल किंवा गेमचे स्वतःचे गणित तपासावे.