आकाशातल्या शिकाऱ्यांची शिरगणती

सप्टेंबर सरत आला की नांदूर मधमेश्वरच्या पाणकणसावर एक तपकिरी पक्षी दिसू लागतो. पंख किंचित वर उचललेले, उड्डाण संथ, नजर खाली. तो जवळ आला की पाण्यावर विखुरलेले वारकरी पक्षी क्षणात एकमेकांना खेटून गोळा होतात. हा दलदली भोवत्या. मध्य आशिया आणि सायबेरियाकडून तो हिवाळ्यासाठी दख्खनवर उतरतो. पाठोपाठ कैकर येतो, माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या येतो, स्टेपी गरुडाचे दर्शन घडते. पुढचे पाच-सहा महिने निफाड तालुक्यातल्या या पाण्यावर आणि भोवतालच्या शिवारावर या शिकारी पक्ष्यांचा वावर असतो. त्यांची वर्षानुवर्षे नेमाने मोजदाद करणे हे एक शास्त्रशुद्ध आणि निकडीचे काम आहे.

हे पाणथळ माणसाच्या हातून घडले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बंधारा बांधला गेला, तो शेतीसाठी. त्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या अंगाच्या शिवाराला पाणी दिले. बंधाऱ्यामागे मात्र दरवर्षी गाळ साचत गेला. उथळ पाणी, चिखलाची बेटे, पाणकणसाची राने आणि काठावरची उसाची, गव्हाची शेते अशी रचना तयार झाली. धरणासाठी गाळ हा दोष. पक्ष्यांसाठी तीच जमेची बाजू ठरली. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०१९ साली रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ.

चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या गावांच्या बाजूने पाण्याकडे जाता येते. वन विभागाचे कर्मचारी, स्थानिक गाइड आणि नाशिकचे पक्षिमित्र इथे ठरलेल्या ठिकाणांवरून पक्षिगणना करत आले आहेत. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून सुरू आहे. तिच्या नोंदींत बदके, करकोचे, चिखलपायटे यांच्याबरोबर पाणथळीवर अवलंबून असलेल्या शिकारी पक्ष्यांनाही जागा आहे. पण बदकांचे आकडे हजारांत आणि भोवत्यांचे बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष साहजिकच बदकांकडे जाते.

जगात शिकारी पक्षी मोजण्याची नामांकित ठिकाणे बहुधा अशा जागी आहेत, जिथे भूगोल पक्ष्यांना एका वाटेवर आणतो. गरुड आणि बाज उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर स्वार होऊन, पंख फारसे न हलवता शेकडो किलोमीटर जातात. मोठ्या थंड पाण्यावर अशी हवा उठत नाही. म्हणूनच अमेरिकेत लेक सुपीरियरपाशी आलेले पक्षी तो ओलांडत नाहीत, काठाकाठाने सरकतात आणि डुलुथ शहरावरच्या हॉक रिज या टेकडीवरून जातात. तिथे १९७२ पासून दर शरदात नियमित मोजणी होते. जॉर्जियातल्या बातुमीला डोंगर आणि काळा समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून एका हंगामात लाखो शिकारी पक्षी जातात.

दख्खनवर असा अरुंद दरवाजा नाही. पठार मोकळे, पक्षी रुंद आघाडीने पसरून येतात. डोक्यावरून जाणारी रांग मोजायची पद्धत इथे तोकडी पडते. इथे मोजायचे ते मुक्कामाला आलेले पक्षी, आणि त्याची वेळ दिवस मावळतानाची. भोवते दिवसभर एकेकटे शिकार करतात, पण रात्री गवतात किंवा पाणकणसात जमिनीलगत एकत्र उतरतात. सूर्यास्ताच्या सुमारास ते चहूबाजूंनी येऊ लागतात, मुक्कामाच्या जागेवर घिरट्या घालतात, उतरतात, पुन्हा उठतात. मोजणाऱ्याची कसोटी तिथेच. दोघा-तिघांनी दिशा वाटून घ्यायच्या, प्रत्येकाने आपल्या बाजूने आत येणारेच मोजायचे, उठलेला पक्षी पुन्हा धरायचा नाही आणि अंधार पडल्यावर आकडे ताडून पाहायचे. गवतात शिरायचे नाही. उठवलेला पक्षी मुक्काम बदलतो आणि मोजणीच बिघडते.

ओळख पटवणे हे दुसरे कठीण काम. कैकर सोपा: पोट पांढरे, डोळ्यावरून गडद पट्टा, पंख मनगटापाशी वाकलेले, आणि सूर मारताना पाय पुढे. त्याच्या पायाचे बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे निसटता मासा दोन पुढे दोन मागे अशा पकडीत राहतो. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी, डोके सायीच्या रंगाचे. माँटेग्यूचा नर राखाडी, पंखावर काळी रेघ. पण माँटेग्यूच्या आणि पांढुरक्या भोवत्याच्या माद्या व पिल्ले संधिप्रकाशात वेगळी करणे जाणकारालाही अवघड. अशा वेळी वहीत 'भोवत्या, जात अनिश्चित' असे लिहायचे असते. या एका ओळीवर साऱ्या नोंदीचा भरवसा उभा असतो. अंदाजाने जात लिहिणारा माणूस पुढच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासकांची दिशाभूल करतो.

पाण्याची पातळीही लिहून ठेवावी लागते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले की चिखलाची बेटे बुडतात, चिखलपायटे दुसरीकडे जातात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे शिकारीही हलतात. आवर्तनाच्या दिवशीचा कमी आकडा म्हणजे पक्षी घटले असे नव्हे. तारीख, वेळ, वारा, ढग, पातळी आणि मोजणाऱ्यांची संख्या यांच्याशिवाय नुसता आकडा मुका असतो. तीच जागा, तोच काळ आणि तीच पद्धत वर्षामागून वर्षे पाळली, की तो बोलू लागतो.

तो काय बोलू शकतो, याचे दाखले आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर १९३४ साली रोझली एज यांनी शिकाऱ्यांच्या बंदुका थांबवल्या आणि मॉरिस ब्राउन यांनी मोजणी सुरू केली. बाल्ड ईगल गरुडांमधली पिल्ले तिथे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ४० टक्के होती, ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात २० टक्क्यांवर आली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धचा पुरावा मांडताना हे आकडे वापरले. आपल्याकडे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८० च्या दशकात गिधाडे मोजली होती, म्हणूनच १९९० च्या दशकाअखेरीस पुन्हा मोजल्यावर ती कोसळल्याचे सिद्ध करता आले. २००४ साली डायक्लोफिनॅक हे कारण पुढे आले, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आज गिधाडे दिसतात, त्यामागे अशा वह्यांचाही वाटा आहे.

भोवत्यांच्या बाबतीत आता तशीच घंटा वाजली आहे. बंगळुरूच्या 'एट्री' संस्थेच्या टी. गणेश आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या मुक्कामांच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून २०१८ साली दाखवले, की गेल्या तीन दशकांत हिवाळी भोवत्यांची संख्या घटत चालली आहे. माळरान म्हणजे पडीक जमीन असा समज असल्याने ते नांगरले जाते, तिथे झाडे लावली जातात, वसाहती उभ्या राहतात. भोवत्याला मात्र रात्री उतरायला उंच गवत आणि दिवसा टिपायला टोळ, नाकतोडे, उंदीर लागतात. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी ओळखीच्या गवतावर घिरट्या घालतो आणि तिथे गवतच नसते, ही गोष्ट मनाला लागते.

म्हणून नांदूर मधमेश्वरच्या वहीत शिकारी पक्ष्यांचा रकाना वेगळा आणि भरलेला हवा. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला ठरलेली एक संध्याकाळ, काठावरच्या ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी दोन माणसे, आणि पाणथळीबाहेरच्या गवताळ मुक्कामांचाही त्यात समावेश. याला मोठा निधी लागत नाही. दुर्बिणी आहेत, गावातली तयार मुले आहेत, वन विभागाची घडी बसलेली आहे. लागतो तो नेम. शेतातले उंदीर आणि टोळ खाणारा हा पाहुणा निफाडच्या शेतकऱ्याचाही मित्र आहे. तो कमी होत असेल, तर ते आपल्याला वेळेत कळले पाहिजे, आणि ते कळण्याचा मार्ग दर हंगामात काठावर उभे राहून त्याला मोजणे हाच आहे.