कौटुंबिक दावा आणि खर्चाचा अंदाज

घरातील कलह न्यायालयात नेण्यापूर्वी पक्षकार बहुधा वकिलाची फी तेवढी विचारतो. वस्तुतः खरा खर्च तारखांचा असतो. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, साक्षीदाराची ने-आण ही रक्कम कोणत्याही पावतीवर येत नाही. म्हणून फी एकरकमी की तारखेगणिक, टंकलेखन व नकला तीत धरल्या आहेत काय, हे आधीच विचारून लिहून घेणे इष्ट.

स्त्रियांना असलेल्या सवलती मात्र गावोगाव माहीत नसतात. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेन्वये पोटगी, घटस्फोट, हिंसाचार व मालमत्तेच्या दाव्यांत त्यांना न्यायालय शुल्क माफ केले. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करता येतो. हिंदु विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ खाली तर पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या पत्नीस, आणि पतीसही, दाव्याचा खर्च दुसऱ्या पक्षाकडून मागता येतो. हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात निघावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तो अनेकदा लांबतो. तोवरच्या तारखांचा खर्च अंदाजात धरलाच पाहिजे.