ब्रह्मदेशात फक्त बर्मी बोलतात?

मराठी वाचकाला ब्रह्मदेश माहीत असतो तो टिळकांच्या मंडालेच्या तुरुंगामुळे आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. त्या देशाच्या भाषेबद्दल विचारलं, तर ‘बर्मी’ म्हणून आपण मोकळे होतो. उत्तर चूक नाही. २००८च्या राज्यघटनेच्या ४५०व्या कलमानुसार बर्मी हीच अधिकृत भाषा आहे आणि ती मातृभाषा असलेला बमार समाज लोकसंख्येच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. घोळ आहे तो उरलेल्या तृतीयांशाबद्दल.

त्यांच्या भाषा म्हणजे बर्मीच्याच बोली, असं सर्रास म्हटलं जातं. रखाईनबद्दल ते काही अंशी चालेल, कारण ती बर्मीच्या खरंच जवळ आहे. पण शान ही थाईच्या कुळातली, मोन ही ख्मेरच्या. रोहिंग्या तर आपल्या मराठीसारखीच भारतीय आर्यभाषा, चितगावच्या बोलीशी सख्य असलेली. काचिनांची जिंगफो आणि चिन भाषा बर्मीच्या दूरच्या नात्यातल्या असल्या, तरी यांगॉनच्या माणसाला त्या ऐकून कळत नाहीत.

‘या भाषांना लिपी नाही, साहित्य नाही’ हा त्याहून मोठा गैरसमज. बगानजवळच्या म्याझेदी शिलालेखात, साधारण १११३ साली, एकच मजकूर प्यू, मोन, पाली आणि बर्मी अशा चार भाषांत कोरलेला आहे. लिखित बर्मीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. मोन मात्र त्याआधी कित्येक शतकं लिहिली जात होती. शानांचीही स्वतःची जुनी लिपी आहे. करेन लोकांच्या भाषेसाठी जोनाथन वेड या मिशनऱ्याने १८३०च्या दशकात बर्मी अक्षरांवरून लिपी बसवली. जिंगफोला रोमन लिपी मिळाली ती ओला हॅन्सनमुळे, १८९०च्या दशकात. अडचण वेगळीच होती आणि ती अगदी अलीकडची. झॉजी नावाचा फाँट देशभरातल्या फोनवर पसरला होता. युनिकोडने शान, मोन, करेन अक्षरांसाठी राखून ठेवलेल्या जागा या फाँटने बर्मीच्याच जोडाक्षरांना देऊन टाकल्या होत्या. बर्मी झकास दिसायची आणि मोन मजकुराचा मात्र चुथडा व्हायचा. सरकारने ऑक्टोबर २०१९मध्ये अधिकृतपणे युनिकोडकडे वळायचं ठरवलं.

‘ब्रह्मदेशात १३५ भाषा’ असंही सांगितलं जातं, पण हा आकडा जपून वापरावा. ती भाषांची मोजणी नाही, सरकारमान्य वांशिक गटांची यादी आहे, आणि तीही बरीचशी प्रदेशावरून केलेली. शान गटात घातलेल्या ३३ नावांत मोनच्या कुळातली भाषा बोलणारे वा आणि पलाँग आहेत, चिनी बोलणारे कोकांगही आहेत. रोहिंग्यांचं नाव यादीत कुठेच नाही.

आता इंग्रजी. ‘ती इंग्रजांबरोबर गेली’ हे अर्धसत्य. १९६२च्या लष्करी उठावानंतर शाळेत तिचं स्थान खाली आलं, पण १९८१मध्ये ती पुन्हा बालवर्गापासून आली. वरच्या वर्गांची गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असतात. शिकवणं बहुतेक बर्मीतून चालतं. कायद्यातही इंग्रजांचा वारसा टिकून आहे: दंडसंहिता तर १८६०चीच, म्हणजे आपल्या जुन्या भादंविची सख्खी बहीण. तरीही अल्पसंख्याकांच्या भाषांना इंग्रजी गिळते आहे, हा निष्कर्ष मला पटत नाही. घरी जिंगफो बोलणाऱ्या मुलाला पहिलीत अडवते ती बर्मी. इंग्रजीचं ओझं पुढच्या इयत्तांत वाढतं.

शेवटचा गैरसमज राज्यकर्त्यांचा लाडका: मातृभाषेतून शिकवलं की देश फुटतो. १९६२नंतर सरकारी शाळांतून या भाषा हद्दपार झाल्या आणि बंडखोर संघटनांनी आपापल्या शाळा चालवल्या. मोन शाळांनी प्राथमिक शिक्षण मोनमधून दिलं, पुढे बर्मीकडे वळवलं आणि मुलांना सरकारी परीक्षांना बसवलं. करेन संघटनेच्या शाळांचे दाखले मात्र सरकारने मानले नाहीत, म्हणून तिथल्या मुलांना देशातल्या विद्यापीठांची दारं बंद राहिली. मला यात दोष दाखले नाकारणाऱ्या सरकारचा दिसतो. २०१४च्या शिक्षण कायद्याने वर्गात बर्मीच्या जोडीला स्थानिक भाषा वापरायला परवानगी दिली. सात वर्षांच्या आत, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.