गिधाड, गोठा आणि ओझरची धावपट्टी

गिधाडं वाचवायची म्हणजे पशुपालकाचं स्वस्त औषध हिरावायचं आणि विमानांच्या वाटेत पक्षी सोडायचे, असं समजणारे पुष्कळ आहेत. नाशिककरांना हे शोभत नाही. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला आपण जटायूपुढे हात जोडतो.

‘गिधाडं उपासमारीने संपली.’ तसं नाही. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली, तेव्हा मेलेली जनावरं गावाबाहेर पडून होतीच. त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली गेली. खरं कारण 2004 मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कळलं: डायक्लोफेनॅक. हे वेदनाशामक टोचलेलं जनावर लगेच दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यासाठी शंभरातलं एक जनावरही विषारी असायला लागत नाही, कारण एकेका जनावरावर अख्खा थवा उतरतो. मादी मात्र वर्षाला एकच अंडं घालते.

‘औषधबंदीने शेतकरी बुडतो.’ जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं होतं. गाय लंगडली, कास सुजली, तर तेही चालतं. घोळ झाला तो पळवाटांचा. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शन 3 मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित करावं लागलं. केटोप्रोफेन घातक असल्याचं 2009 च्या सुमारास कळूनही आपल्याकडे बंदी यायला 2023 उजाडलं. बांगलादेशाने ती 2021 मध्येच घातली होती. या दिरंगाईचं खापर शेतकऱ्यावर फोडता येणार नाही.

आणि पैशांचंच बोलायचं तर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक यांचा अभ्यास पाहावा. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे 5 लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. कुजणारी जनावरं, दूषित पाणी, कुत्र्यांमुळे पसरणारा रेबीज. फुकटात काम करणारा सफाई कामगार गेला की बिल असं येतं.

‘देशाच्या संरक्षणापुढे पक्षी कशाला?’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये सुखोई बनली. 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथे तयार झालेल्या तेजस मार्क 1ए ने पहिलं उड्डाण केलं. अशा विमानाला गिधाड धडकणं वैमानिकाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून तर 1937 च्या विमान नियमांतल्या 91 व्या नियमाने विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात जनावरं कापायला, सोलायला आणि घाण टाकायला मनाई केली. त्यात गिधाडांचा नावानिशी उल्लेख आहे. मनाई आहे ती उकिरड्याला. अन्न दिसलं नाही तर गिधाड तिथे उतरणार कशाला?

त्याचं अन्न दुसरीकडे असलेलं बरं. ओझर नाशिकच्या ईशान्येला, तर अंजनेरीचे कडे आणि हरसूलचं जंगल पश्चिमेला. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी उपाहारगृहच सुरू केलं, मेलेली जनावरं नेऊन ठेवण्याची जागा.

गोठ्यातलं जनावर दगावलं, तर शेवटच्या दिवसांत त्याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं ते डॉक्टरांना विचारा. मेलॉक्सिकॅमखेरीज दुसरं वेदनाशामक निघालं किंवा नाव कळलं नाही, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.