रूळ, जंगल आणि काही पक्के गैरसमज

रेल्वे अपघात म्हटला की गाड्यांची टक्कर किंवा घसरलेले डबे डोळ्यांपुढे येतात. पण रुळांशी निगडित मृत्यूंत मोठा वाटा असतो रूळ ओलांडणाऱ्यांचा आणि धावत्या गाडीतून पडणाऱ्यांचा. गोंदिया-बल्लारशाह मार्ग वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल असा जंगलातून जातो. त्याच्या कडेने सरपणाला, मोहफुलांना जाणाऱ्यांसाठी ही बाब जिवाची आहे.

‘माणूस दिसला की गाडी थांबते’ हा सर्वांत घातक समज. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २८ मीटर पुढे सरकते आणि आणीबाणीचा ब्रेक लावूनही किलोमीटरभराच्या आसपास पुढे जात राहते. वळणावर लोको पायलटला तीनशे मीटरच दिसत असतील, तर हातात अकरा सेकंदही नसतात. ‘आवाज तर येतोच’ हेही खरे नाही. विजेचे इंजिन डिझेलपेक्षा शांत असते, आणि वर्धा-बल्लारशाह मार्गावर एका रुळावरची मालगाडी शेजारून येणाऱ्या गाडीचा आवाज झाकून टाकते.

वन्यप्राणी चपळ असल्याने निसटतात, असेही मानले जाते. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. इंजिनाच्या दिव्याच्या झोताने प्राणी बावचळतात. शिवाय डब्यांतून फेकलेले खरकटे आणि सांडलेले धान्य त्यांना रुळांकडे ओढते. यावर उपाय म्हणजे रात्रीची वेगमर्यादा, प्राण्यांसाठी भुयारी वाट आणि कडेच्या झुडपांची छाटणी.

कोळशाच्या मालडब्यावर चढणाऱ्यांना वाटते, रुळांवरच्या विजेच्या तारेला हात लागला तरच झटका बसतो. त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. नुसते जवळ गेल्यानेही वीज अंगावर झेप घेते. दोन मीटरचे अंतर राखावेच लागते.

मात्र दोष नेहमी प्रवाशाचाच, हा समजही तितकाच चुकीचा आहे. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारशाह स्थानकात पादचारी पुलाचा भाग कोसळून माणसे थेट रुळांवर पडली. एका शिक्षिकेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. ती माणसे रूळ टाळून, नियमाने पुलावरून चालली होती. पुलाच्या लाद्यांची नियमित तपासणी, गर्दीच्या वेळी पुलावरच्या संख्येवर नियंत्रण आणि गाडीचा फलाट वेळेवर जाहीर करणे ही कामे रेल्वेची आहेत. प्रवाशाच्या सावधपणाने त्यांची उणीव भरून निघत नाही.